खोक्यातला कागद



निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘स्त्री-आरोग्य : काही विचार’ असा छापला आहे. मी कळवलेला विषय होता, ‘पाळी गेल्यानंतर संबंधाच्या वेळी होणारं दुखणं आणि त्यावरचं हार्मोनचं औषध’. तो पत्रिकेवरच्या ओळीत मावला नाही, असं मला सांगण्यात आलं. परवाच्या सहकारावरच्या व्याख्यानाचं शीर्षक मी मोजून पाहिलं. ते माझ्यापेक्षा चार शब्दांनी लांब होतं आणि व्यवस्थित मावलं होतं. असो. ‘काही विचार’ ऐकायला आलेल्यांनी आता उठून जाऊ नये, एवढंच मागणं. पुढच्या रांगेतल्या पुरुष मंडळींना हे विशेष सांगते, कारण तुम्ही उठलात तर सगळ्यांना दिसेल.

ज्या बाईंच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होतं, त्या मला आठवी ते दहावी शास्त्र शिकवत. पुनरुत्पादनाचा धडा आला की ‘हा घरी वाचून या’ असं सांगून पुढे जायची तेव्हा रीत होती. बाईंनी तो धडा फळ्यावर आकृत्या काढून शिकवला, आणि तोही वर्गाचं दार सताड उघडं ठेवून. दार लावलं की पोरांना वाटतं आत काहीतरी चोरटं चाललंय, असं त्या म्हणत. म्हणून आज सभागृहाची दारंही उघडी ठेवायला मी सांगितलं आहे. डास येतील, त्याला इलाज नाही.

दाराजवळ बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवला आहे. आत येताना प्रत्येकाच्या हातात कोरी चिठ्ठी आणि पेन्सिलीचा तुकडा दिला आहे. प्रश्न लिहायचा, नाव लिहायचं नाही. ही वाट र. धों. कर्व्यांनी घालून दिली. १९२७पासून १९५३ साली मरेपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं आणि त्यातून वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना जाहीर उत्तरं दिली. त्या उत्तरांपायीच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले ते बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले. प्रश्न मात्र येत राहिले.

मी मराठवाड्यात एका तालुक्याच्या गावी तीस वर्षं दवाखाना चालवते आहे. आता सांगते त्या गोष्टीतले तपशील मुद्दाम इकडचे तिकडे केले आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई आल्या. तक्रार एकच, सारखी उन्हाळी लागते. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत वर्षभराचे कागद. लघवीच्या चार तपासण्या, अँटिबायोटिकचे चार कोर्स, बुरशीच्या गोळ्यांचे दोन, एक सोनोग्राफी, रक्तातल्या साखरेची तपासणी, ती नॉर्मल. पाळी जाऊन पाच वर्षं झालेली. एवढ्या कागदांत एक प्रश्न कुणी विचारल्याची खूण नव्हती. तो मी विचारला, “मालकांजवळ झोपता का?” बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “तीन वर्सं झाली म्याडम. मिरची लावल्यावानी होतंय. आधी दातओठ खाऊन सोसलं. मग नातवाला कुशीत घेऊन झोपाया लागले.” नातू हे त्या वयातलं सगळ्यांत सोज्वळ कारण. किती घरांतले नातू या कामाला लागलेले असतील, त्यांचं त्यांना ठाऊक नसतं.

तपासलं. निदान सोपं होतं. एस्ट्रिऑलचं क्रीम लिहून दिलं, कसं लावायचं ते सांगितलं. दहा दिवसांनी बाई परत आल्या. खोकं तसंच, ट्यूबचं सील न तोडलेलं आणि वर घडी घातलेला कागद. सून बी.ए. झालेली, तिनं खोक्यातला कागद सासूला वाचून दाखवला होता. पक्षाघात, हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या, स्तनाचा कर्करोग, पिशवीचा कर्करोग, स्मृतिभ्रंश. “तीन वर्सं सोसलं, अजून सोसते,” बाई म्हणाल्या. “पर ह्ये नगं. धाकटीचं लगीन व्हायचंय.”

मला राग आला. सुनेचा नाही, तिनं समोर होतं ते वाचलं. राग त्या कागदाचा आला. तो कुणाच्या भीतीतून लिहिला गेला आणि त्यातलं त्या ट्यूबला किती लागू पडतं, हे मला आज सांगायचं आहे.

आधी दुखणं समजून घेऊ. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते, युरोप-अमेरिकेत ५१च्या सुमाराला. म्हणजे पुढे पंचवीस-तीस वर्षांचं आयुष्य पडलेलं असतं. अंडाशयातून येणारं एस्ट्रोजेन आटलं की अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं गाऊन भिजतो, झोप मोडते. हे आता टीव्हीवरही सांगतात, आणि बहुतेकींच्या बाबतीत ते काही वर्षांत ओसरतं. योनिमार्गाचं तसं नाही. तिथला त्रास आपोआप जात नाही, बहुधा वर्षागणिक वाढत जातो. वेगवेगळ्या पाहण्यांतले आकडे वेगवेगळे आहेत, पण पाळी गेलेल्या निम्म्याच्या आसपास बायकांना तो कमीजास्त होतो, असं धरायला हरकत नाही.

योनिमार्गाचं अस्तर एस्ट्रोजेनवर पोसलेलं असतं. ते आहे तोवर अस्तर जाड, चुण्यांचं, ताणलं तरी परत जागेवर येणारं. त्याच्या पेशींत ग्लायकोजेन साठतं, त्यावर लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. दह्याला विरजण लावणाऱ्या तुम्हा सगळ्यांची या कुळाशी रोजची ओळख आहे. अल्बर्ट डोडरलाइन या जर्मन डॉक्टरानं १८९२ साली योनिमार्गातल्या या जिवाणूंचं वर्णन केलं. त्यांच्यामुळे तिथला पीएच ३.५ ते ४.५ इतका आंबट राहतो आणि आगंतुक जंतूंना थारा मिळत नाही. एस्ट्रोजेन गेलं की अस्तर कागदासारखं पातळ होतं, चुण्या सपाट होतात, रक्तपुरवठा घटतो, विरजण मोडतं, पीएच पाचाच्या वर चढतो. मग आतड्यातले जंतू तिथं बिऱ्हाड करतात, आणि मूत्रमार्ग तर भिंतीला भिंत लावून शेजारी. त्या बाईंची उन्हाळी आणि त्यांचं रात्रीचं दुखणं ही एकाच घरातली दोन भांडणं होती. चार वेळा अँटिबायोटिक देऊन आम्ही एकच भांडण मिटवत बसलो होतो.

डॉक्टरांच्या भाषेत याला पूर्वी ‘ॲट्रॉफिक व्हजायनायटिस’ म्हणत, म्हणजे झिजलेल्या योनीचा दाह. २०१४ साली दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून ‘जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज’ असं नवं नाव ठरवलं. नाव लांबलचक आहे, पण त्यात लघवी आली आणि बाईला तोंडावर ‘झिजली’ म्हणणं गेलं. मराठीत याला नाव नाही. आमच्याकडच्या बायका ‘आतून सुकलं’ म्हणतात. तेच ठेवावं असं माझं मत आहे.

आता यातली गंमत ऐका. एस्ट्रोजेन हे हार्मोन सापडलं तेच मुळी योनीच्या अस्तरामुळे. १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये पापानिकोलाऊ यांनी स्टॉकार्ड या प्राध्यापकांबरोबर गिनीपिगच्या योनीतल्या पेशी काचेवर घेऊन दाखवून दिलं की चक्राप्रमाणे त्या पेशींचं रूप बदलतं. पॅप स्मिअर हे नाव तुम्ही ऐकलं असेल, ते त्यांच्याच नावावरून आलं. पुढे १९२३ साली सेंट लुइस शहरात एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉयझी यांनी डुकरिणीच्या अंडाशयातल्या पुटकुळ्यांचं पाणी काढलं आणि अंडाशय काढून टाकलेल्या उंदरांना टोचलं. वाळलेल्या अस्तरातल्या पेशी पुन्हा माजाच्या वेळी असतात तशा भरल्या. त्या पाण्यात काहीतरी आहे याचा पुरावा हाच. १९२९पर्यंत ते ‘काहीतरी’ शुद्ध रूपात हाती आलं, डॉयझींच्या आणि जर्मनीत बुटेनांट यांच्या प्रयोगशाळेत. म्हणजे हार्मोनची परीक्षा घ्यायची कसोटीच योनीचं अस्तर ही होती. आणि पुढची पन्नास-साठ वर्षं जगभर हार्मोनचा गाजावाजा झाला तो तारुण्य, कातडी, हाडं, हृदय, मेंदू या नावांनी. ज्या अवयवानं ते शोधून दिलं, त्याचं नाव जाहिरातीत घालायची लाज वाटत होती.

गाजावाजा म्हणजे किती? गाभण घोड्यांच्या लघवीतून काढलेल्या एस्ट्रोजेनची गोळी १९४२ साली अमेरिकेत बाजारात आली, प्रेमरिन. ‘प्रेग्नंट मेअर्स युरिन’ याचंच ते आखूड रूप, त्यात काव्य काही नाही. १९६६ साली रॉबर्ट विल्सन नावाच्या न्यूयॉर्कच्या स्त्रीरोगतज्ज्ञानं पुस्तक लिहून जाहीर केलं की पाळी जाणं हा हार्मोनच्या कमतरतेचा रोग आहे आणि गोळी घेतली की बाई कायम बाई राहते. नवऱ्यांना ते पुस्तक फार आवडलं असणार. विल्सनच्या कामामागे औषध कंपन्यांचा पैसा होता, हे पुढे उघड झालं. १९७५ साली पहिला दणका बसला. नुसतं एस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत पिशवीच्या अस्तराचा कर्करोग वाढतो, असं दाखवणारे अभ्यास छापून आले. त्यावर तोड म्हणून एस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टिन द्यायला सुरुवात झाली.

दुसरा दणका जुलै २००२चा. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या सरकारी प्रकल्पात पिशवी असलेल्या १६,६०८ बायकांपैकी निम्म्यांना एस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची गोळी आणि निम्म्यांना नकली गोळी दिली होती. साडेआठ वर्षं चालायची ती चाचणी सरासरी सव्वापाच वर्षांतच थांबवली, कारण गोळी घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग वाढला होता. बातम्यांत आलं, धोका २६ टक्क्यांनी वाढला. आकडा खरा आहे. तोच आकडा असाही सांगता येतो की दहा हजार बायकांत वर्षाला ३०च्या जागी ३८. हा वाढीव आठाचा आकडा मी क्षुल्लक म्हणत नाही. त्या आठांतली एक माझी बहीण असू शकते. पण २६ टक्के ऐकून घाबरलेल्या बाईला ३० आणि ३८ हे सांगायला जगभरच्या डॉक्टरांना वेळ झाला नाही. शिवाय चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या. एका रात्रीत चिठ्ठ्या फाडल्या गेल्या. मीही फाडल्या. तेव्हा माझा दवाखाना नवा होता आणि वर्तमानपत्रात आलेलं मला खोडता येत नव्हतं.

२००३ साली अमेरिकेच्या औषध नियामकानं, म्हणजे एफडीएनं, एस्ट्रोजेन असलेल्या प्रत्येक औषधावर काळ्या चौकटीतली सूचना घातली. प्रत्येक म्हणजे प्रत्येक : पोटात घ्यायची गोळी असो, कातडीवरची पट्टी असो, की योनीत लावायचं चिमूटभर क्रीम असो. इतर देशांतल्या कागदांवरही असेच इशारे सरसकट छापले गेले. आमच्या तालुक्यातल्या सुनेनं जे वाचलं, ते इथून निघालेलं.

आता हिशेब करू. मला आकडे आवडतात, तुम्ही सोसून घ्या. योनीत ठेवायची एस्ट्रॅडिऑलची बारकी गोळी दहा मायक्रोग्रॅमची असते. पहिले दोन आठवडे रोज एक, मग आठवड्यातून दोन. म्हणजे पहिल्या वर्षाच्या ११४ गोळ्या, एकूण १.१४ मिलिग्रॅम. पोटात घ्यायची एस्ट्रॅडिऑलची नेहमीची गोळी १ मिलिग्रॅमची, आणि ती रोज घ्यायची असते. योनीतल्या गोळ्यांचा वर्षभराचा साठा म्हणजे पोटातल्या गोळीच्या एका दिवसाच्या खुराकाहून थोडा जास्त. रक्तात उतरतं ते इतकं थोडं की पातळी पाळी गेलेल्या बाईच्या नेहमीच्या पातळीतच राहते. त्या कमी मात्रेसोबत प्रोजेस्टिन द्यावं लागत नाही. आपल्याकडच्या मेडिकलमध्ये सहज मिळतं ते एस्ट्रिऑलचं क्रीम, आणि एस्ट्रिऑल हे तर या घराण्यातलं सौम्य हार्मोन. त्याच ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’मध्ये योनीतून एस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांवर नंतर कित्येक वर्षं लक्ष ठेवलं गेलं. तो अभ्यास २०१८ साली छापून आला, आणि हृदयविकार, पक्षाघात किंवा कर्करोग त्यांच्यात वाढलेला दिसला नाही.

चौकट काढायचं मात्र एफडीएनं जाहीर केलं ते २०२५च्या नोव्हेंबरात. बावीस वर्षं. त्या वेळी पोटातल्या गोळ्यांविषयी जे मोठमोठे दावे झाले, ते मला पटलेले नाहीत. विल्सनचं पुस्तक पुन्हा कपाटातून काढायची गरज नाही. ब्रिटननं मधला रस्ता काढला. २०२२च्या सप्टेंबरपासून तिथं दहा मायक्रोग्रॅमची ही गोळी पन्नाशीच्या पुढच्या, पाळी जाऊन वर्ष उलटलेल्या बाईला चिठ्ठीशिवाय मिळते, औषधविक्रेत्यानं चार प्रश्न विचारल्यावर. आपल्याकडे चिठ्ठी लागते आणि लागावी, असं मला वाटतं. चार प्रश्न विचारण्याइतकी उसंत आपल्या मेडिकलवाल्याला नसते, आणि काउंटरवर मागे दहा माणसं उभी असताना उत्तर द्यायची बाईचीही तयारी नसते.

हे औषध कसं लावायचं ते सविस्तर सांगते, कारण दवाखान्यात हे सांगायला अर्धं मिनिट मिळतं. रात्री झोपताना. पहिले दोन आठवडे रोज, पुढे आठवड्यातून दोनदा. मंगळवार आणि शुक्रवार धरलात तर विसरत नाही, माझ्या बायका उपासाचे वार धरतात. ॲप्लिकेटर नको वाटला तर स्वच्छ धुतलेल्या बोटावर घेऊन तोंडाशी आणि आत लावलं तरी चालतं. संबंधाच्या आधी लावायचं नाही. हे वंगण नव्हे, पिकाला घातलेलं खत आहे. पेरताना घातलं की कापणीला दिसतं. दोन-तीन आठवड्यांत फरक कळायला लागतो, पुरा गुण यायला तीन महिने जातात. पंधराव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडणाऱ्या बायका मला दर महिन्याला भेटतात. आणि बंद केलं की अस्तर पुन्हा सुकतं. ‘सवय लागेल का?’ असं विचारतात. चष्म्याची लागते तेवढीच.

सुरुवातीला फक्त कोरडेपणा असेल, तर आधी साधं वंगण आणि दर दोन-तीन दिवसांनी लावायचं मॉइश्चरायझर वापरून पाहावं. इथं मी माझ्या बाजूला गैरसोयीचा अभ्यासही सांगते. २०१८ साली अमेरिकेत ३०२ बायकांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली. एकीला हार्मोनची योनीतली गोळी, दुसरीला मॉइश्चरायझर, तिसरीला नकली गोळी आणि नकली जेल. तिन्ही गटांना बरं वाटलं आणि तिघांत फारसा फरक निघाला नाही. त्यावरून हार्मोन निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. बारा आठवडे थोडे आहेत, आणि ज्यांचं अस्तर चिरतं, ज्यांना सारखी लघवीची लागण होते त्यांची गोष्ट निराळी. १९९३ साली ९३ बायकांवर झालेल्या चाचणीत लघवीच्या लागणीचं प्रमाण वर्षाला बाईमागे नकली क्रीम लावणाऱ्यांत ५.९, तर आपल्याकडे मिळतं तेच एस्ट्रिऑलचं क्रीम लावणाऱ्यांत ०.५ निघालं. महिन्याभरात एस्ट्रिऑल लावणाऱ्या निम्म्याहून जास्त बायकांत लॅक्टोबॅसिलस परत आले. विरजण पुन्हा लागलं. खोबरेल तेलाबद्दल विचारणार असाल तर वंगण म्हणून चालेल, इलाज म्हणून नाही. आणि जंतुनाशकाच्या पाण्यानं खालची जागा धुणं आजपासून बंद करा. उरलेलं विरजणही त्यानं मरतं.

बाकीची औषधं चटकन सांगते. ओस्पेमिफीन ही रोज जेवणासोबत पोटात घ्यायची गोळी अमेरिकेत २०१३ साली नेमकी याच दुखण्यासाठी मंजूर झाली. ती हार्मोन नाही, पण योनीच्या अस्तरावर हार्मोनसारखी वागते. २०१६ साली प्रास्टेरोन आलं, रोज रात्री योनीत ठेवायचं; कॅनडातले फर्नांड लाब्री यांच्या आयुष्यभराच्या कामातून ते निघालं. आमच्या तालुक्याच्या मेडिकलमध्ये मी दोन्ही पाहिलेली नाहीत. लेझर मात्र पाहिलं आहे, शहरातल्या चकचकीत फलकांवर. २०१८ साली एफडीएनं त्याबद्दल सावध केलं, आणि २०२१ साली छापलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत लेझर आणि लेझरचं नुसतं नाटक यांत वर्षभरानं फरक दिसला नाही. पाकीट काढण्याआधी हे आठवा.

आणि कुणी स्वतःहून ट्यूब आणायच्या आधी हे ऐका. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर अंगावर एक थेंब जरी गेला, तरी क्रीम नाही, आधी तपासणी. स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, विशेषतः लेट्रोझोल किंवा अनास्ट्रोझोल चालू असेल तर. खाज सुटते आणि कातडीवर पांढरे चट्टे दिसतात, तर ते लायकन स्क्लेरोसस असू शकतं; त्याचं औषध वेगळं. साखर वाढलेल्या बाईला बुरशी होते. आणि कित्येकींचं अस्तर सुधारतं तरी दुखणं जात नाही, कारण वर्षानुवर्षं भीतीनं आवळलेले स्नायू सैल व्हायला शिकलेले नसतात. ते क्रीमला ऐकत नाहीत. त्यांचे व्यायाम आहेत, शिकवणारे फिजिओथेरपिस्ट आहेत, थोडे आहेत.

आता आमच्या जिल्ह्यांकडे येते. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याची बातमी देशभर गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. पाहणी झाली ८२,३०९ बायकांची, त्यांतल्या १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. कोयता जोडीनं मोजतात, नवरा-बायको मिळून एक. एकीचा खाडा पडला तर दंड, आणि उचल तर आधीच घेतलेली. पाळीचा त्रास, अंगावरून जाणं, फडात ना पाणी ना आडोसा. मग ‘पिशवी काढून टाक, कटकट गेली’ असं सांगणारे भेटतात. यावर पुष्कळ लिहिलं गेलं. एक गोष्ट त्यात फारशी आली नाही. पिशवीबरोबर अंडाशयही काढले असतील, तर ती बाई तिशी-पस्तिशीत त्या एका दिवसात पाळी गेलेली बाई होते. अंडाशय ठेवले तरी ते अनेकींत लवकर थकतात. पन्नाशीत हळूहळू सुकायचं ते तिशीत एकदम सुकतं, आणि नवराही तिशीचाच असतो. “काढल्यापासून त्याला वाटतं मी दुसऱ्याकडं बघते,” असं अशा एकीनं मला सांगितलं. तिला दुखत होतं, म्हणून ती अंग चोरत होती. त्याचा अर्थ त्यानं असा लावला. खोपटात मार खाऊन ती आली होती.

अशा बाईला नुसतं क्रीम पुरत नाही. तिच्या हाडांना आणि हृदयालाही एस्ट्रोजेन हवं असतं; काही अडचण नसेल, तर निसर्गानं पाळी गेली असती त्या वयापर्यंत पूर्ण मात्रेत द्यावं, हे आता सर्वमान्य आहे. पिशवी नसल्यानं तिला प्रोजेस्टिन लागत नाही. त्याच अमेरिकी प्रकल्पात पिशवी काढलेल्या १०,७३९ बायकांची वेगळी चाचणी होती, नुसत्या एस्ट्रोजेनची. ती पक्षाघाताच्या धोक्यामुळे २००४ साली थांबवली, पण स्तनाचा कर्करोग त्यांच्यात वाढला नव्हता. खोक्यातल्या कागदावर हा भेद नसतो. आणि माझ्या पाहण्यात पिशवी काढल्याच्या डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा अंडाशय ठेवले की काढले, एवढंही धड लिहिलेलं नसतं. मी आता प्रत्येकीची सोनोग्राफी करून आधी तेच शोधते.

शेवटचं आणि मला सगळ्यांत अवघड वाटणारं. माझ्याकडे नवरे येतात. “बायको जवळ येऊ देत नाही, काहीतरी गोळी लिहा.” दुखणं तिचं आणि तक्रार याची. अशा वेळी मी त्यांना बाहेर बाकावर बसवते. पण एकदा आत बसलेली बाई म्हणाली, “म्याडम, दुखणं घालवू नका.” मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. ती म्हणाली, “दुखतंय म्हणून तरी नाही म्हणता येतं. उद्या बरं वाटलं, तर कंचं कारण सांगू?” तीस वर्षांच्या संसारात ‘नको’ म्हणायला तिला मिळालेलं ते एकच वजनदार कारण होतं, आणि मी ते औषधानं काढून घ्यायला निघाले होते. तिला मी सांगितलं की हे क्रीम तुझ्यासाठी आहे, लघवीला जाताना जळू नये म्हणून, उकिडवं बसताना चरचरू नये म्हणून. घरी काय सांगायचं ते तुझं तू ठरव. तिनं ट्यूब नेली. घरी काय सांगितलं ते मी विचारलेलं नाही. पण तेव्हापासून चिठ्ठी लिहिताना मी ‘संबंधाच्या वेळचं दुखणं’ असं निदान लिहीत नाही. विधवा बाईलाही हे दुखतं, एकटीलाही दुखतं, आणि त्यांनाही औषध तितकंच लागू पडतं.

त्या पहिल्या बाईंचं राहिलं. त्यांना मी सुनेला घेऊन यायला सांगितलं. सून आली, कागद घेऊनच आली. चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी तिला आकडेमोड करून दाखवली, तुम्हाला दाखवली तशीच. तिनं एक गुणाकार तपासून पाहिला आणि सासूला म्हणाली, “लावा आई.” तीन महिन्यांनी दोघी आल्या. उन्हाळी थांबली होती. बाकीचं कसं आहे, असं मी सुनेला बाहेर पाठवून विचारलं. बाई तोंडाला पदर लावून हसल्या. म्हणाल्या, “माझं बरं हाय. आता त्येंच्या गुडघ्याचं बगा.”

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं आहे. तो डबा जरा इकडे द्या. वाजतो आहे, म्हणजे कुणीतरी पेन्सिलीही आत टाकल्या आहेत. पहिली चिठ्ठी. ‘वय ६८. आता सुरू केलं तर चालेल का?’

चालेल. पुढची.